आगाशिवची बौद्ध लेणी: जखिणवाडीच्या बाजूनं एक दिवस

पुण्याहून कोल्हापूरला जाताना कराडजवळ कोयनेचा पूल ओलांडला की उजव्या हाताला एक लांबट डोंगर सोबत येतो. त्याचं नाव आगाशिव. माथ्यावर महादेवाचं देऊळ आहे म्हणून कराडकरांना तो ठाऊक असतो. पण त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर साठाच्या आसपास बौद्ध लेणी कोरलेली आहेत, ढोबळ मानानं इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतली, आणि महामार्गावरून रोज जाणाऱ्या हजारो लोकांना त्याचा पत्ता नसतो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पायथ्याला शेळ्या राखणाऱ्या एका आजींना वाट विचारली. त्या म्हणाल्या, "जा की, पर काय बघायचं हाय तितं? नुसती भोकं हायती." वर पोचलो, तासाभरात पंधरा-वीस लेणी बघून खाली आलो आणि मनातून मलाही तसंच वाटलं होतं. अजिंठ्याची चित्रं नाहीत, कार्ल्याचा भव्य चैत्य नाही, बुद्धमूर्ती नाही. पुढे वाचत गेलो, जाणत्या माणसांबरोबर पुन्हा पुन्हा गेलो, तेव्हा कळलं की आगाशिव बघायला आधी थोडं शिकावं लागतं. हा लेख त्यासाठीच आहे. वाट आणि वेळ यांची माहिती लागेल तेवढी देतो. जास्त जागा देतो ती वर पोचल्यावर काय आणि कसं बघायचं याला.

कधी जायचं

माझं उत्तर ठरलेलं आहे: अश्विन पौर्णिमेच्या आसपास. भिक्खूंचा वर्षावास आषाढ पौर्णिमेला सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेला संपतो. पावसाळ्याचे तीन महिने फिरती थांबवून एका जागी राहायचं, अभ्यास करायचा, ध्यान करायचं, हा बुद्धकाळापासूनचा नियम. या डोंगरातल्या खोल्या मुळात त्या निवाऱ्यासाठीच. तुम्ही अश्विनात गेलात तर डोंगर अजून हिरवा असतो, कड्यावरचे पाझर पुरते आटलेले नसतात, टाक्यांत पाणी असतं, आणि या जागा कशासाठी निवडल्या हे सांगावं लागत नाही.

त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत हवा चांगली असते. गवत वाळलं की दोन गोष्टी जपा. वाळलेल्या गवतावरून उतरताना बूट सटकतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला सह्याद्रीच्या उतारांवर वणवे लागतात. धूर दिसला तर त्या दिवशी परत फिरा. एप्रिल-मे टाळा. एका वर्षी एप्रिलमध्ये मी मंडळींना घेऊन निघायला उशीर केला, अकराला चढायला लागलो आणि आमच्यातल्या एका काकूंना वाटेतच चक्कर आली. लेण्याच्या सावलीत दोन तास बसवून, पाणी पाजून खाली आणलं. चूक माझी होती. तेव्हापासून सातच्या आत पायथा, हा नियम मी मोडलेला नाही.

भर पावसात कातळावर शेवाळ धरतं आणि पायवाटा ओढे होतात. डोंगरवाटांचा सराव नसेल तर जुलै-ऑगस्ट नकोच.

श्रावणी सोमवारी माथ्यावरच्या देवळाला गर्दी असते, बुद्ध पौर्णिमेला वंदनेसाठी लोक येतात. गर्दीतला आनंद वेगळा, पण कातळ वाचायचा असेल तर आठवड्यातला मधला वार निवडा.

आदल्या रात्री

अर्धा तास काढून चार शब्द पक्के करा. वर सगळं त्यांच्यावर उभं आहे.

चैत्यगृह म्हणजे प्रार्थनेची जागा, जिथे स्तूप असतो. विहार म्हणजे राहण्याची जागा: मधे मोकळी ओसरी किंवा दालन आणि कडेला छोट्या खोल्या. स्तूपाचे भाग खालून वर असे: गोल नळकांड्यासारखी मेधी, तिच्यावर घुमटासारखं अंड, त्यावर चौकोनी हर्मिका आणि सगळ्यात वर छत्र. पाण्याचं कोरीव टाकं म्हणजे पोढी. हा शब्द प्राचीन शिलालेखांतून आपल्याकडे आलाय आणि लेणी बघणारे लोक आजही तोच वापरतात.

बुद्धमूर्ती का नाही, याचंही उत्तर आधी मनात असू द्या. ही लेणी खोदली गेली त्या टप्प्यावर पश्चिम भारतात बुद्ध मूर्तीतून दाखवत नसत. स्तूप, चक्र, बोधिवृक्ष, पाऊलखुणा यांतून दाखवत. म्हणून रिकामं वाटणारं दालन रिकामं नसतं. स्तूपापुढे उभं राहणं म्हणजेच त्या काळच्या माणसाचं बुद्धापुढे उभं राहणं.

आणि कराडची एक गोष्ट, जी मला प्रत्येक वेळी सांगावीशी वाटते. कराडचं जुनं नाव करहाकड किंवा करहाटक. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या प्रसिद्ध स्तूपाच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत 'करहाकट' नगराचं दान नोंदलेलं आहे, आणि ते नगर म्हणजे कराडच असं अभ्यासक मानतात. तिकडे रायगड जिल्ह्यात कुडा लेण्यांत करहाकडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्यानं लेणं दान दिल्याचा लेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथला लोहारमाल विकणारा माणूस घाट उतरून कोकणातल्या खाडीकाठापर्यंत जात होता आणि कमाईतला वाटा तिथल्या भिक्खूंसाठी लेणं खोदायला देत होता. आज आपण कराडहून पाटणमार्गे कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरतो. कोयनेचं खोरं हे देश आणि कोकण जोडणारं दार आहे, आणि आगाशिव त्या दाराच्या आतल्या बाजूला उभा आहे. व्यापारी, बैल, माल, आणि त्यांच्या वाटेवर भिक्खूंची वस्ती: सह्याद्रीतली बहुतेक लेणी अशाच वाटांच्या कडेला आहेत.

पिशवीत काय

माणशी दोन लिटर पाणी. वर दुकान नाही आणि टाक्यांतलं पाणी पिण्याजोगं समजू नका. चांगली पकड असलेले बूट. भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे असं काहीतरी, कारण चिप्सची पाकिटं वर गेली की निम्मी वरच राहतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, कारण गवत कापतं.

बॅटरी मात्र खरी, हातात धरायची घ्या. मोबाइलचा उजेड समोरून सपाट पडतो आणि कातळ नुसता पांढरा दिसतो. बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपी धरली की छिन्नीचा प्रत्येक घाव, झिजलेलं अक्षर, बुजलेली खोबण सावली टाकते. हे एक तंत्र तुम्हाला दहा पुस्तकांइतकं दाखवेल.

अत्तर, सेंट, उग्र वासाचं तेल लावून जाऊ नका. अशा कड्यांना आग्या मोहोळं असतात. आवाज, धूर आणि वास, या तिन्हींनी माश्या उठतात. मोहोळ दिसलं तर त्या लेण्याचा नाद सोडून गुपचूप मागे या.

पायथ्यापर्यंत

कराड साताऱ्यापासून साधारण 50 किलोमीटर आणि कोल्हापूरपासून 70 ते 75 किलोमीटर. एसटीनं कराड स्थानकावर उतरा. रेल्वेनं आलात तर पुणे-मिरज मार्गावरचं कराड स्टेशन गावाबाहेर ओगलेवाडीकडे आहे, तिथून आधी गावात यावं लागेल. कराडहून मलकापूरच्या दिशेनं वडाप, म्हणजे माणशी भाड्यानं चालणारी गाडी, मिळतं, पण जखिणवाडीपर्यंत रिक्षा ठरवणं सोपं. परतीचंही त्याच वेळी बोलून घ्या.

स्वतःची गाडी असेल तर महामार्गानं कोल्हापूर नाका, मलकापूर मागे टाकून जखिणवाडीकडे उजवीकडे वळायचं. वळण कुठून घ्यायचं ते मलकापुरातच विचारा. गाडी गावात, कुणाच्या दाराआड येणार नाही अशी लावा आणि ज्यांच्या घरासमोर लावली त्यांना सांगून जा. "दादा, लेण्याला जाऊन येतो, दुपारपर्यंत येऊ," एवढं बोललात तरी पुरतं. वर काही झालं तर तुम्ही गेलाय हे कुणाला तरी माहीत असतं.

जखीण हा शब्द मूळचा यक्षिणी. प्राकृतात जक्खिणी, मराठीत जखीण. गावाला हे नाव नेमकं कसं पडलं ते बाजूला ठेवू, पण प्राकृत बोलणाऱ्या भिक्खूंच्या लेण्यांखाली प्राकृतातून आलेलं नाव सांगणारं गाव आहे, याचं मला अप्रूप वाटतं.

चढ

लेण्यांचे तीन गट आहेत. पहिला दक्षिण अंगाला, जखिणवाडीच्या बाजूचा. दुसरा त्याच्या पलीकडे आग्नेयेकडच्या सोंडेला. तिसरा उत्तर अंगाला, कोयनेच्या खोऱ्याकडे तोंड करून विखुरलेला. पहिल्या भेटीत फक्त पहिला गट करा. चैत्यगृह त्यातच आहे, लेणी एकमेकांजवळ आहेत आणि वाट ठळक आहे. तिन्ही गट एका दिवसात उरकायला निघालेली मंडळी मी पाहिली आहेत. संध्याकाळी त्यांना फक्त पोटऱ्या दुखलेल्या आठवतात.

आगाशिवच्या परिसरात बिबट्याचा वावर आहे. याचा बाऊ नको, पण एकट्यानं जाऊ नका, पहाटेच्या अंधारात आणि तिन्हीसांजेला वर राहू नका, लहान मुलांना पुढे पळू देऊ नका. खोल, अंधाऱ्या खोलीत शिरण्याआधी दारात थांबून दोन शब्द मोठ्यानं बोला, बॅटरी फिरवा. वटवाघळं असतील तर तीही उडून जाऊ द्या.

पहिलं लेणं: पाच मिनिटं गप्प

पोचलात की फोटो नको. आत जाऊन ओट्यावर बसा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. मग छताकडे बघा, कोपऱ्यांकडे बघा. हा सगळा काळा कातळ, लाव्हारसाचा बसाल्ट, माणसांनी छिन्नी-हातोड्यानं वरून खाली, बाहेरून आत असा काढत नेलाय. इथला दगड बऱ्याच ठिकाणी ठिसूळ आहे, त्यामुळे काही लेण्यांच्या पुढच्या भिंती ढासळल्या आहेत. नक्षी कमी असण्यामागे दगडाचाही हात असावा, असं मला वाटतं. आणि राहणाऱ्यांच्या गरजाही कमीच होत्या.

आता राहण्याच्या खुणा शोधा. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, आणि मुलांना बरोबर नेलंत तर त्यांच्याकडूनच करवून घ्या. भिक्खूची खोली म्हणजे एक माणूस आडवा होईल एवढी जागा. त्यात कातळातच सोडलेला ओटा, तो त्याचा पलंग. दाराच्या कडेला खाली-वर भोकं किंवा खाचा दिसतात का बघा. तिथे लाकडी चौकट बसत असे. भिंतीत छोटा कोनाडा असेल तर तिथं दिवा किंवा भिक्षापात्र ठेवल्याची कल्पना करायला हरकत नाही. बाहेर आलात की पोढी शोधा, आणि पाणी तिच्यापर्यंत येण्यासाठी कातळात पन्हाळी काढलेत का तेही. पाणी कुठून आलं, कुठं साठलं, कुठून वाहून गेलं हे एकदा लक्षात आलं की सगळी वस्ती उलगडते. हे काम नुसत्या पाथरवटाचं नाही, पाऊस ओळखणाऱ्या माणसाचं आहे.

चैत्यगृह

अभ्यासकांनी पाचवा क्रमांक दिलेलं लेणं हे या गटाचं हृदय. मागची बाजू अर्धगोल, वर कमानदार छत, आणि आत खांबांच्या रांगा नाहीत. कार्ले-भाजे बघितलेल्याला हा साधेपणा आधी खटकतो. पण खांब नसल्यामुळे दारातून थेट स्तूपावर नजर जाते, मधे काही येत नाही.

दारापाशी दोन्ही बाजूंना अर्धस्तंभ कोरलेले आहेत. त्यांवर एकीकडे चक्र आणि एकीकडे सिंह. झिजलेले आहेत, म्हणून बॅटरी तिरपी धरा. चक्र म्हणजे धम्मचक्र, सारनाथला दिलेल्या पहिल्या उपदेशाची खूण. सिंह म्हणजे शाक्यसिंह, खुद्द बुद्ध. जो चक्र आणि सिंह आपण रोज नोटांवर आणि सरकारी कागदांवर बघतो, त्यांची ही सातारा जिल्ह्यातली भावंडं. माझ्याबरोबर आलेल्या एका शाळकरी मुलीनं हे ऐकून खिशातली दहाची नोट काढून राजमुद्रेशी ताडून पाहिली होती.

स्तूपाला प्रदक्षिणा घालायची ती स्तूप उजव्या हाताला ठेवून. वंदना घ्यायची असेल तर इथंच घ्या. त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याचं वचन, हळू आवाजात म्हणा. कमानदार छत आवाज परत देतं, ओरडायची गरज पडत नाही. बौद्ध नसाल तरी दोन मिनिटं शांत उभे राहा. चपला-बूट दाराबाहेर काढा. जागा मोडकळीला आलेली असली तरी ती कुणाची तरी वंदनेची जागा आहे.

सह्याद्रीतल्या अनेक लेण्यांत स्तूपाचं छत्र वर छतातच कोरलेलं असतं, त्यामुळे स्तूप बघून झाला की मान वर करायची सवय लावून घ्या. नुसता समोर बघणारा माणूस लेण्यातलं निम्मं सोडून जातो.

विठ्ठल आणि लेणं

याच भागात एका लेण्यात विठ्ठलाची पूजा होते. गावकऱ्यांची श्रद्धा आहे, हळद-कुंकू-बुक्का असतो. बाहेरून येणाऱ्या काही तरुण मंडळींना याचा राग येतो, तावातावानं वाद होतात. त्यांची खंत मला समजते, माझ्याही घरात बुद्धाचीच वंदना होते. पण लेण्यात उभं राहून गावातल्या म्हाताऱ्या माणसाशी हुज्जत घालून लेणं वाचत नाही. हीच माणसं वर्षभर इथं येतात-जातात, त्यांची या जागेवर माया आहे. त्यांच्याशी बोला, हे कोण होते, स्तूप म्हणजे काय, हे सांगा. एकदा मी असंच सांगत बसलो तेव्हा एक वारकरी बाबा म्हणाले, "म्हंजे ह्ये बी चातुर्मासाला एका जागी ऱ्हायचं म्हणा की." वर्षावासाची याहून चांगली ओळख मला करून देता आली नसती.

काय करू नये

स्मारकाची नासधूस केली तर 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण नावं कोरणाऱ्यांबद्दल इथं लिहून उपयोग नाही, ते हा लेख वाचत नसतात. मला प्रेमानं येणाऱ्यांना सांगायचंय.

मेणबत्ती आणि अगरबत्ती लेण्याच्या आत लावू नका. काजळी दगडाच्या छिद्रांत बसते आणि निघत नाही. मेण ओघळलं तर ते खरवडताना दगडच निघतो. बाहेर, सपाट जागी, ताटलीत लावा आणि उरलेलं मेण घेऊन जा. स्तूपाला रंग, तेल, हळद काही लावू नका. शिलालेखाचं अक्षर दिसावं म्हणून त्यात खडू किंवा पीठ भरू नका, ओला हातही फिरवू नका.

इथल्या उत्तरेकडच्या गटात दात्याचा एक छोटा ब्राह्मी लेख आहे, तोही झिजलेला. असे लेख ठरावीक साच्याचे असतात: अमक्याचं 'देयधम', म्हणजे धर्मदान. ती अक्षरं ज्या माणसानं कोरून घेतली त्याच्यापासून आपल्यापर्यंत आलेली तेवढीच वस्तू आहे. तिरप्या उजेडात फोटो काढा, घरी मोठा करून वाचा.

माथा, आणि परत

पहिल्या गटाला निवांत अडीच-तीन तास द्या. उरलेला दम आणि ऊन बघून माथ्यावर जायचं की नाही ते ठरवा. वर महादेवाचं दर्शन घ्या आणि मग चारी बाजूंना बघा. खाली उसाचे मळे, त्यांत वळणं घेणाऱ्या कृष्णा आणि कोयना. पूर्वेला सदाशिवगड, वायव्येला तळबीडच्या बाजूला वसंतगड. इथं उभं राहिलं की लेण्यांसाठी हाच डोंगर का, हे नकाशाशिवाय कळतं: गाव भिक्षेला जाता येईल इतकं जवळ आणि गलबला ऐकू येणार नाही इतकं लांब.

बाराच्या आत उतरायला लागा. उतरताना पिशवीत आपला कचरा आणि जमल्यास दुसऱ्या कुणाचा एखादा तरी घ्या.

दुपारी कराडात जेवून नकट्या रावळाची विहीर बघा. जुन्या कोटातली ही पायऱ्यांची विहीर खोल आणि देखणी आहे, आणि सकाळभर डोंगरात पाण्याचा माग काढून आलेल्याला ती जास्त आवडते. संध्याकाळी प्रीतिसंगमावर जा. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे.

साताऱ्याहून आला असाल आणि दिवस शाळेचा असला, तर परतताना प्रतापसिंह हायस्कूलसमोर क्षणभर थांबा. 7 नोव्हेंबर 1900 रोजी छोट्या भीमरावांचं नाव याच शाळेत दाखल झालं.

दुसऱ्या खेपेला

वहीत त्याच रात्री लिहून ठेवा: कुठलं लेणं, कुठं पाणी होतं, कुठं नवीन तडा किंवा नवीन रंग दिसला. तारखेसह फोटो ठेवा. पुढच्या वर्षी तुम्हीच जाल तेव्हा काय बदललं हे सांगू शकाल, आणि तक्रार करायची वेळ आली तर हातात पुरावा असेल.

दुसऱ्या खेपेला आग्नेयेकडचा गट, तिसऱ्या खेपेला कोयनेकडचा, तोही गावातला माहीतगार माणूस बरोबर घेऊनच, कारण तिकडच्या वाटा गवतात बुजतात. आणि आगाशिवची गोडी लागलीच तर वाईच्या उत्तरेला लोहारे गावाजवळची पालपेश्वर लेणी बघा. तिथं आठ लेण्यांचा गट आहे. त्यातल्या एका लेण्यात स्तूपाचा वरचा भाग नाहीसा झालाय आणि त्या जागी शिवलिंग आहे. पालपेश्वर म्हणतात ते त्यालाच. आगाशिवचा स्तूप आधी नीट बघितलेला असेल, तर लिंगाखालची गोल मेधी तुम्हाला कुणी न सांगता ओळखू येईल.